वाचक विचारतात : जमिनीचा नियम आणि गावातलं घर

प्रश्न : काही ग्रामीण भागांत घरासाठी किमान दोन एकरांचा भूखंड लागतो. हेतू शेती वाचवण्याचा असतो. मग त्यामुळे घरं महाग का होतात?

उत्तर : कारण घरापुरती जागा विकतच मिळत नाही. चार एकरांवर या नियमाने दोनच घरं बसतात. मर्यादा वीस गुंठ्यांवर आणली, तर आठ. त्याहून मोठा फटका भूखंडाच्या रस्त्याकडच्या बाजूचा असतो, आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एका ओळीत दहा घरं आहेत आणि प्रत्येकाला 60 मीटर दर्शनी रुंदी सक्तीची आहे, तर रस्ता 600 मीटर लागतो. 20 मीटर चालत असेल, तर 200. पाण्याची वाहिनी, विजेच्या तारा, गटार, सगळं तिप्पट. हा खर्च आधी घराच्या किमतीत शिरतो आणि पुढे दुरुस्तीच्या रूपाने गावावर पडतो.

आणि एवढं करून शेती वाचते का? दोन एकर घराला फार आणि शेतीला बहुधा थोडे. पुढे घर होतं, मागे गवत माजतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 1973 मध्ये राज्यभर नियोजनाचा कायदा केला. तिथे नव्याने पाडायच्या शेतजमिनीच्या तुकड्याला साधारणपणे किमान 80 एकरांची आणि कुरणाला 160 एकरांची अट आहे. नुसतं घर हवं असलेला माणूस एवढ्या तुकड्याकडे फिरकत नाही. आमचं स्पष्ट मत आहे : शेताचा तुकडा शेताएवढा ठेवा, घराचा घराएवढा. मधल्या मापाने दोन्ही हातचं जातं.

प्रश्न : पण भूखंड लहान केले की विहीर आणि शोषखड्डा जवळ येतात. त्याचं काय?

उत्तर : ही हरकत खरी आहे, तिला टाळून पुढे जाऊ नका. मात्र तिचं उत्तर मातीत शोधायचं, सरसकट आकड्यात नाही. चिकण माती सांडपाणी जिरवत नाही, ते वर येतं. भरड वाळूतून ते इतक्या झपाट्याने उतरतं की गाळलं जाण्याआधीच भूजलात पोचतं. म्हणून नियोजित जागीच खड्डा घ्या, तो पाण्याने भरून माती पुरती भिजू द्या, मग पुन्हा पाणी भरून पातळी किती मिनिटांत किती उतरते ते मोजा. नेहमीची चूक म्हणजे भूजल खोल गेलेलं असताना, कोरड्या दिवसांत, जागा पसंत करणं. भूजलाची सर्वांत वरची पातळी कुठवर येते, ते पावसाळ्यात पाहूनच ठरवा.

माती साथ देत नसेल, तर सगळ्या घरांना मिळून उताराच्या वरच्या अंगाला एक विहीर आणि खालच्या अंगाला एक सामाईक सांडपाणी प्रक्रिया. निचऱ्याचं क्षेत्र, म्हणजे प्रक्रिया झालेलं पाणी जमिनीत जिरतं ती जागा, कधीतरी तुंबणारच, त्यासाठी तेवढीच दुसरी जागा मोकळी राखा. अशा योजना बऱ्याचदा टाकीतला गाळ कुणी उपसायचा, यावर अडतात. ती जबाबदारी आणि तिची वर्गणी पहिलं घर विकण्याआधीच करारात लिहा.

प्रश्न : लहान भूखंड मोकळे केले आणि सुट्टीपुरतं येणाऱ्यांनीच ते घेतले, तर गावातल्यांना काय मिळालं?

उत्तर : काहीच नाही. इंग्लंडमध्ये यावर अपवाद-जागांची वाट काढली आहे. गावालगतच्या, एरवी घरांना परवानगी न मिळणाऱ्या छोट्या जागेवर मुख्यतः परवडणारी घरं बांधू देतात, आणि ती गावाशी नातं असलेल्यांसाठी कायम राखीव राहतात. यातली किल्ली भावात आहे. जागा आराखड्यात आधीच ‘निवासी’ दाखवली, की तिचा भाव त्याच दिवशी चढतो. अपवाद म्हणून पुढे आलेली जागा शेतीच्या भावापेक्षा थोडीच वर राहते.

आधी गावात कुणाला, किती खोल्यांचं, कोणत्या भाड्यात घर हवं याची पाहणी करा. मग जागा शोधा. इंग्लंडमध्ये राखीवपणाच्या अटी 1990 च्या नियोजन कायद्याच्या कलम 106 खालच्या करारात येतात. इथे दोन गोष्टी बिघडतात. उद्या बाजारभावाने विकायच्या घरांनाही परवानगी मिळेल या आशेवर मालक जमीन धरून बसतो. आणि ‘फक्त याच गावचा’ अशी ताठर अट घातली, की घर रिकामं पडतं आणि बँक कर्जाला नकार देते. म्हणून क्रम लिहा : आधी गाव, ठरावीक आठवड्यांनंतर शेजारची गावं, मग तालुकाभर.

प्रश्न : आहे त्याच घराला दुसरं बिऱ्हाड जोडता येतं का?

उत्तर : ‘एक भूखंड, एक कुटुंब’ हा नियम आड येत नसेल तर हाच सर्वांत स्वस्त मार्ग, कारण जमीन नव्याने घ्यावी लागत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने 2023 मध्ये, जिथे वर्षभर वापराचं एक घर चालतं तिथे दोन बिऱ्हाडांचं घरही चालेल, असा कायदा केला. सार्वजनिक पाणी आणि मलनिस्सारण असलेल्या निवासी भागात चार बिऱ्हाडांपर्यंत. नकाशा काढण्याआधी सेप्टिक टाकीची परवानगी मात्र तपासा. बऱ्याच ठिकाणी तिची क्षमता झोपण्याच्या खोल्यांवरून मोजतात, आणि मंजुरी तीन खोल्यांची असेल तर चौथी तिथेच अडते.