‘द स्पेशल्स’ या गोऱ्या-काळ्यांच्या इंग्लिश बँडमध्ये काळे वादक फक्त दाखवायला होते का? आणि इतका गाजलेला बँड पहिल्या अल्बमनंतर दोन वर्षांत का फुटला?

‘फक्त दाखवायला’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. माझा सख्खा मोठा भाऊ चाळीसहून जास्त वर्षं मला हेच ऐकवतोय.

नाही, दाखवायला नव्हते. १९७७ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बँड उभा राहिला तो जेरी डॅमर्स, होरेस पँटर आणि लिनव्हल गोल्डिंग यांच्यामुळे, आणि यातला लिनव्हल जमैकात जन्मलेला. नेव्हिल स्टेपल आला तो सामान उचलायला. मिक्सिंग डेस्कपाशी बसून माइकवर जमैकन पद्धतीने मधेमधे बोलायला लागला, ते इतकं जमून आलं की त्याला स्टेजवर घेतलं. त्यांच्या ‘अ मेसेज टू यू, रूडी’ या गाण्यातला ट्रॉम्बोन जमैकाहून आलेल्या रिको रॉड्रिग्जचा आहे. १९६७ च्या मूळ रेकॉर्डवरही तोच वाजवत होता. बारा वर्षांनी या पोरांनी तेच गाणं करायला घेतलं तेव्हा ते त्याच माणसाकडे गेले. याला दाखवणं म्हणत नाहीत.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आम्ही कॉव्हेंट्रीतच फोल्सहिलला राहायचो, वडील कारखान्यात होते. कॉव्हेंट्री म्हणजे मोटारींचं गाव, आणि ते कारखाने एकेक करून माणसं कमी करत होते. आमच्या गल्लीत सकाळी कामाला जाणारे बाप दर महिन्याला कमी दिसायचे. त्याच गावातली ही पोरं रेडिओवर वाजत होती. १९७९ साली त्यांनी ‘टू टोन’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तिची खूण काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी. माझ्या शाळेच्या कोटावर तिचा बिल्ला होता.

एप्रिल १९८१ मध्ये गावाच्या मधोमध एका वीस वर्षांच्या पंजाबी विद्यार्थ्याला भोसकून मारलं. दादा तेव्हा बरोब्बर वीसचा. त्या दिवसापासून आईने सातच्या आत घरात हा नियम केला आणि दादाने माझ्या कोटावरचा बिल्ला उपटून कचऱ्यात टाकला. म्हणाला, “ही पट्टी ते टकलेपण लावतात. तुला मारणारा हेच गाणं गुणगुणत येईल.” यात खोटं काही नव्हतं. स्पेशल्सच्या कार्यक्रमांना नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाची स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेली पोरं खरंच यायची, आणि मारामारी सुरू झाली की बँड गाणं थांबवायचा.

मग बातमी आली की बँड २० जूनला बट्स स्टेडियमवर गाणार, वर्णद्वेषाच्या विरोधात. नॅशनल फ्रंटने त्याच दिवशी गावात मोर्चा जाहीर केला. दादा म्हणाला, “आपल्यासाठी कोणी गात नाही. आपल्या नावावर गातात.” मी लायब्ररीत जातो सांगून वर्गातल्या एका शीख मित्राबरोबर गेलो.

स्टेडियम भरलं नव्हतं. भीतीने लोक आलेच नव्हते, मोकळ्या बाकांच्या रांगा मला अजून दिसतात. पण आमच्या मागे पगडीवाले तीन म्हातारे उभे होते, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. ते नाचले नाहीत, टाळ्याही वाजवल्या नाहीत, शेवटपर्यंत उभे मात्र राहिले. आपल्यातल्या कोणाच्या तरी मरणाची या गावाने दखल घेतली, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

परतलो तेव्हा साडेनऊ झाले होते. बसथांब्यावर दादा उभा होता, सातपासून. मी उतरताच एक सणसणीत थोबाडीत दिली. मग घरापर्यंत तो रस्त्याच्या बाजूने चालला, मला आत, घरांच्या बाजूला ठेवून. दोघंही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी ‘घोस्ट टाउन’ पहिल्या नंबरावर गेलं. इंग्लंडभर दंगली पेटल्या होत्या आणि ओस पडलेल्या गावाबद्दलचं ते गाणं घराघरात वाजत होतं. तिथेच बँड संपला. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या ड्रेसिंग रूममध्ये गायक टेरी हॉल, नेव्हिल आणि लिनव्हल यांनी आम्ही निघालो म्हणून सांगितलं. सततचे दौरे, दमणूक आणि स्टुडिओत डॅमर्सचाच शब्द चालणं, ही कारणं. आता हे तिघं कोण ते बघा: एक गोरा, दोन काळे. तिघांनी मिळून ‘फन बॉय थ्री’ हा नवा बँड काढला. बँड फुटला तोसुद्धा रंगावरून फुटला नाही. दादाला हे मी शंभर वेळा सांगितलंय.

डॅमर्सने मागे राहिलेल्यांना घेऊन १९८४ मध्ये मंडेलांच्या सुटकेचं गाणं केलं. २००९ मध्ये बाकीचे डॅमर्सशिवाय पुन्हा उभे राहिले आणि २०१९ मध्ये त्यांचा ‘एन्कोर’ अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला. डिसेंबर २०२२ मध्ये टेरी गेला. दादा आता नाशिकला असतो. त्या आठवड्यात त्याचा फोन आला, “तुझा गायक गेला रे,” आणि पाचव्या मिनिटाला आम्ही परत बट्स स्टेडियमवर भांडत होतो. “गाऊन काय झालं? पुढच्याच वर्षी त्या लिनव्हलच्या गळ्यावर चाकू चालला, आपल्याच गावात.” चालला, खरं आहे. मरता मरता वाचला. म्हणूनच म्हणतो, दाखवायला ठेवलेला माणूस इतकी किंमत मोजून त्याच गावात गात राहत नाही.

दादाचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. बँडमध्ये आपल्याकडचा, भारतीय, एकही नव्हता. डॅमर्सचा जन्म उटीचा, पण तो इंग्रज पाद्र्याचा मुलगा. आणि त्यांच्या काही गाण्यांत बायकांबद्दल जे शब्द आहेत ते मला माझ्या मुलीसमोर लावता येत नाहीत.

ऐकायला सुरुवात १९७९ च्या पहिल्या अल्बमपासून करा. मग ‘घोस्ट टाउन’ची रेकॉर्ड घ्या आणि तिच्या मागच्या बाजूचं ‘व्हाय’ सोडू नका. १९८० मध्ये लंडनला लिनव्हलला वर्णद्वेष्ट्यांनी मारलं, त्यावर त्याने ते लिहिलंय. मला का मारायला आलात, एवढंच तो विचारतो. दादाने ते अजून ऐकलेलं नाही. तुमच्या घरी कोणी मोठा भाऊ असेल तर त्याला शेजारी बसवून ऐका.