धर्मनिरपेक्ष समाजात पुढच्या पिढ्यांचा धर्मातला रस कमी का होत जातो?

चाळिशीत अचानक देव सोडणारे थोडेच. खरी गळती आईवडील आणि मुलं यांच्या मधे होते. ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं की दोघंही पालक धार्मिक असले तरी श्रद्धा साधारण निम्म्याच मुलांपर्यंत पोचते. एकच असेल तर त्याच्याही निम्मी. दोघं निधर्मी असले की मुलं बहुधा तशीच राहतात! आजी दर रविवारी चर्चला, आई फक्त नाताळला, नात तर लग्नही रजिस्टर करणार. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२. स्थलांतरितांची नातवंडं कधीकधी परत वळतात खरी, पण माझ्या मते ती ओढ देवापेक्षा ‘आपण कोण’ याची जास्त असते.