घोडे आहेत, पण गोळीबार नाही

प्रश्न : नमस्कार ताई. मी देवगडजवळचा आंबा बागायतदार, वय ६१. मुंबईच्या भाच्याने घर बदललं तेव्हा पुस्तकांचे दोन खोके इकडे गावी पाठवून दिले. आता पाऊस लागल्यावर बागेत काम कमी, रात्री लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक बल्ब चालतो त्यात वाचत बसतो. त्या खोक्यात एक इंग्रजी कादंबरी सापडली, केंट हॅरफची 'प्लेनसाँग'. भाचा म्हणाला मामा ही आजच्या काळातली वेस्टर्न आहे, तुम्हाला आवडेल. कॉलेजात असताना मी वेस्टर्न भरपूर वाचलेल्या, शेरीफ, दरोडेखोर, घोडे. इथे निम्मं पुस्तक झालं तरी एक गोळी सुटली नाही. एक मास्तर, त्याची दोन पोरं, एक पोटुशी मुलगी आणि गुरं सांभाळणारे दोन म्हातारे भाऊ. संवादांना अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत, कोण बोलतंय ते दोनदा वाचावं लागतं. तरी पुस्तक सोडवत नाही. ही वेस्टर्न कशी काय? गोष्टीतलं ते होल्ट गाव खरंच आहे का? आणि यानंतर काय वाचू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण हे पुस्तक माझं अतिशय लाडकं आहे आणि त्याच्याबद्दल बोलायला इकडे कोणी भेटत नाही.

आधी भाच्याची बाजू घेते. ही वेस्टर्नच आहे. तुम्ही कॉलेजात वाचलेल्या वेस्टर्न पश्चिम अमेरिकेतल्या ज्या काळातल्या तो काळ खरं तर फार थोडा होता. १८७४ मध्ये तिथल्या ग्लिडन नावाच्या माणसाने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, मग बघता बघता माळरानांना कुंपणं पडली आणि गुरांचे हजारोंचे कळप शेकडो मैल हाकत न्यायचे दिवस संपत आले. १८९० च्या जनगणनेनंतर तर सरकारनेच सांगून टाकलं की आता पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सरहद्द अशी काही उरली नाही. पण माणसं कुठे गेली? तिथेच राहिली ना. गुरं राहिली, वारा राहिला, घोड्याच्या जोडीला पिकअप आली, पोरं शाळेत जायला लागली. आजची वेस्टर्न या मागे राहिलेल्या माणसांची गोष्ट सांगते, आणि मला विचाराल तर तीच जास्त खरी वाटते.

अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बर्फाचे डोंगर येतात, पण ही कादंबरी राज्याच्या पूर्व भागातली, तिथे सगळं सपाट, गहू आणि गुरं. एका घरापासून दुसरं घर कित्येक मैल. अशा ठिकाणी कोणी दारात आलं तर त्याला घरात घ्यायचं की नाही हीच माणसाची खरी परीक्षा, जुन्या वेस्टर्नमध्ये ती पिस्तुलाने व्हायची. ती पोटुशी मुलगी, व्हिक्टोरिया, सतरा वर्षांची, आईने घराबाहेर काढलेली, आणि मॅगी जोन्स नावाची शिक्षिका जाऊन विचारते कोणाला, तर त्या दोन म्हाताऱ्या मॅकफेरन भावांना. लहानपणीच आईवडील गेलेले, लग्न नाही, जन्मभर गुरांशिवाय कोणाची सोबत नाही. आपल्याकडे अशी घरं आहेत हो. मोठं चिरेबंदी घर, चाकरमानी गणपतीला येऊन जातात आणि उरलेलं वर्ष त्यात दोन म्हातारी भावंडं. त्या घरात कोणी अशी मुलगी आणून ठेवली तर वाडीत काय गजाली होतील ते तुम्हाला मी सांगायला नको. होल्टमध्येही लोक बोलतातच. पण आपल्याकडे शेजारचं घर हाकेच्या अंतरावर, मदतही हाकेला येते आणि बोलणंही. तिथे ते दोघं आणि ती मुलगी एकटेच, मधे नुसता माळ.

आणि तिच्याशी बोलायचं काय हेच त्यांना कळत नाही! मॅगी सांगते की तिला संध्याकाळी कोणाचा तरी आवाज हवाय, तर ते दोघं तिला बाजारभाव समजावून सांगायला बसतात. तुम्ही वाशीला पेट्या पाठवणारे, तुम्हाला मी काय सांगू, भाव कसा ठरतो हे घरातल्या पोरीला समजावून सांगणं म्हणजे तिला आपलं मानणंच की. मला तो प्रसंग पूर्ण पुस्तकात सगळ्यात जास्त आवडतो.

अवतरणचिन्हांचं म्हणाल तर मलाही सुरुवातीला त्रास झाला. मग एक प्रकरण मोठ्याने वाचलं आणि अडचण गेली. ही मुळात कमी बोलणारी माणसं, त्यांचं बोलणं आजूबाजूच्या वर्णनातच मिसळून जातं, थंडी, गोठा, बोलणं सगळं एका सुरात. नावातही तेच आहे, प्लेनसाँग म्हणजे चर्चमध्ये वाद्यांशिवाय सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं साधं गाणं, आणि प्लेन म्हणजे माळरानसुद्धा. प्रत्येक प्रकरणाला एकेकाचं नाव आहे बघा, ते आधी वाचलं की कोण बोलतंय हेही लवकर कळतं.

होल्ट नकाशावर नाही. हॅरफ ज्या भागात राहिला तिथल्या युमा गावावरून त्याने ते रचलं आणि आपल्या सहाही कादंबऱ्या तिथेच घडवल्या, पहिली १९८४ ची, शेवटची तो गेल्यावर २०१५ मध्ये आली. पेंडशांचा दापोलीकडचा मुलूख आणि दळवींची आरवली माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. लिहिताना तो लोकरी टोपी डोळ्यांवर ओढून टाइपरायटरवर पहिला खर्डा न बघता टाइप करायचा, म्हणजे फक्त गाव दिसावं, कागद नको.

पुढे काय वाचायचं? याच भावांची पुढची गोष्ट 'ईव्हनटाइड' मध्ये आहे (२००४), फक्त मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका. शेरीफच हवा असेल तर क्रेग जॉन्सनची 'द कोल्ड डिश', वायोमिंगमधल्या आजच्या काळातल्या शेरीफची, तीही २००४ ची. पण माझं ऐकाल तर मधे मराठीकडे वळा. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्यात, 'रान', 'शिवार' आणि 'गाव', याच क्रमाने वाचा. ओहायोच्या घनदाट जंगलात एक कुटुंब येतं, झाडं तोडून शेत होतं आणि शेताचं गाव, आणि मग ज्या बाईने आयुष्यभर झाडांचा राग केला तिलाच झाडांची आठवण यायला लागते. जवळच्या जुन्या वाचनालयात विचारून बघा.

तोवर प्लेनसाँग सावकाश वाचा. दोघं भाऊ त्या मुलीला घेऊन पाळणा खरेदीला दुकानात जातात तो भाग आला की इन्व्हर्टरच्या बल्बवर उरकू नका, दिवसा पडवीत बसून वाचा.