कंपनीतून आली तशीच इसुझूची व्ही-क्रॉस फोर बाय फोर पिकअप घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय; आधी लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारं) बसवू की विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र)?

दोन्ही नको, आधी टायर बघा. मनाली-काझा रस्त्यावर पिकअप चालवलेला माणूस म्हणून सांगतो: त्याच रस्त्यावरच्या ग्रांफू ते लोसर या खडबडीत पट्ट्यात कस लागतो तो टायरचा, गाडीच्या उंचीचा नाही. चांगले ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारे) टायर, तेही कंपनीच्याच मापाचे, म्हणजे आरसी-विम्याची कटकट नको. सोबत एवढं ठेवा:

- हवेचा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट
- रिकव्हरी पट्टा (अडकलेली गाडी ओढायचा), दोन शॅकल (पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या), फावडं
- डिझेल (मनालीनंतर पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला)

पट्टा टो-हुकलाच (गाडी ओढण्यासाठी दिलेल्या हुकला) अडकवा. ट्रेलर जोडायच्या मागच्या टो-बॉलला कधीच नाही, बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. रिकाम्या पिकअपची मागची बाजू लीफ स्प्रिंगमुळे खडबडीत रस्त्यावर उडते, म्हणून पाणी आणि जड सामान हौद्यात पुढे, केबिनला चिकटवून, घट्ट बांधा. टपावरच्या तंबूचे पैसे वाचवा, जमिनीवरचा साधा तंबू चालतो. बुल बार (पुढच्या बंपरवर बसवतात तो लोखंडी गार्ड) तर नकोच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर कारवाईचे आदेश राज्यांना दिलेत. नाले सकाळीच पार करा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

हे सगळं फोर बाय फोरपुरतं. गाडी टू-व्हील ड्राइव्ह असेल तर शिमला-किन्नौरमार्गे जा आणि त्याच वाटेने परत या.