ठोसा चुकवल्यावर हात का थांबतो?

प्रश्न : मी बडोद्याच्या दांडिया बाजार भागात राहतो, वय 21 वर्षे. सात महिन्यांपासून बॉक्सिंग शिकतो आहे आणि गेले दोन महिने कोच आम्हाला स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाच्या लढतीला) उभे करतात. बॅगवर आणि पॅडवर माझे हात चांगले चालतात. परंतु समोरचा मुलगा मारत आला की माझे डोळे मिटतात, मी सरळ मागे सरकत दोरांना टेकतो आणि एखादा ठोसा चुकवलाच, तर उलट मारायचे सुचेपर्यंत तो दूर गेलेला असतो. काय करावे? जाड हेडगार्ड घेतल्याने भीती कमी होईल का?

उत्तर : आपल्या पत्रातला ‘सुचेपर्यंत’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ठोसा चुकवणे हे एक काम आणि उलट मारणे हे दुसरे, अशी विभागणी आपल्या मनात झाली आहे. म्हणून पहिले संपल्यावर दुसरे सुचावे लागते. डोळ्यांना दिसलेल्या हालचालीला शरीराने उत्तर देण्यास साधारण पाव सेकंद लागतो, आणि चांगला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) जवळजवळ तेवढ्याच वेळात येऊन पोहोचतो. अशा वेळी विचार करून मारणे शक्यच नसते. बचावाची हालचाल जेथे संपते, तेथे प्रतिठोशाची तयारी पूर्ण झालेली असली पाहिजे. आपल्या शहरातील आखाड्यांत लाठी शिकलेल्या कोणालाही विचारा. वार अडवताना पवित्रा मोडला, तर तो अडवूनही हाती काही लागत नाही, हे ते सांगतील.

आपण आणि समोरचा, दोघेही उजव्या हाताचे, म्हणजे डावा हात पुढे ठेवणारे आहात असे धरून सांगतो. समोरच्याचा जॅब आला की उजवा तळवा आपल्या चेहऱ्यासमोरच ठेवून तो जॅब दोन-चार बोटे बाजूला ढकलावा आणि त्याच क्षणी आपला जॅब सोडावा. ठोसा अडवायला हात पुढे नेऊ नये. तसे केल्यास नुसत्या हुलकावणीने आपला चेहरा उघडा पडतो. हे अंगवळणी पडले की स्लिप घ्यावी. गुडघे किंचित वाकवून डोके उजवीकडे, त्याच्या डाव्या हाताच्या बाहेर न्यावे. असे करताना शरीराचा भार आपोआप उजव्या पायावर येतो, आणि तोच भार पुढे ढकलत उजवा हात त्याच्या छातीवर किंवा हनुवटीवर जातो. त्याचा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) डावीकडे चुकवला, तर भार डाव्या पायावर येतो आणि डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) तयार असतो. म्हणजे कोणता ठोसा मारायचा हे आपण निवडायचे नसते. ते आपल्या पायांखालचा भार ठरवतो. मात्र कंबरेतून मागे झुकून ठोसा चुकवला, तर तोलही जातो आणि अंतरही, व मारायला काहीच उरत नाही. आपले नेमके हेच होत असावे.

प्रतिठोशाला जोराची फारशी गरज नसते, कारण समोरचा स्वतःच आपल्याकडे येत असतो. 8 डिसेंबर 2012 रोजी लास वेगासमध्ये मुष्टियोद्धा हुआन मॅन्युएल मार्केसने सहाव्या फेरीच्या अखेरच्या क्षणांत, आत झेपावणाऱ्या मॅनी पॅकियाओला एकाच आखूड उजव्या ठोशाने खाली पाडले. ती त्या दोघांमधली चौथी लढत होती; समोरचा कसा आत येतो, हे मार्केस इतक्या फेऱ्यांतून जाणून होता. आपणही ग्लोव्ह्जकडे न पाहता छातीच्या वरच्या भागावर नजर ठेवा. खांदा आणि पुढचा पाय हाताच्या आधी हलतात.

डोळे मिटणे हा भित्रेपणा नव्हे. ती शरीराची उपजत सवय आहे आणि सरावाने सुटते. गार्ड घेऊन, म्हणजे दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून उभे राहा, जोडीदाराला दोन मिनिटे आपल्या ग्लोव्ह्जवर हलके ठोसे मारू द्या, आणि हनुवटी खाली ठेवून, प्रत्येक ठोशाबरोबर नाकाने श्वास सोडत, डोळे उघडे राहतात का एवढेच पाहा. मागे सरकण्याचेही तसेच आहे. मागे एकच पाऊल घ्यावे. दुसरे पाऊल बाजूलाच पडले पाहिजे.

या सगळ्यासाठी मोकळे स्पारिंग काही आठवडे बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोचना विनंती करा की जोडीदाराने निम्म्या वेगाने केवळ जॅब मारावा आणि आपण केवळ त्याचे उत्तर द्यावे. ते जमले की त्याने मनात येईल तेव्हा जॅबमागून क्रॉस जोडावा. नवशिक्यांना पहिल्याच महिन्यांत पूर्ण जोराने झुंजवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्यातून मुलगा मार खायला शिकतो, पाहायला शिकत नाही.

हेडगार्ड अवश्य घाला, पण त्यावर विसंबू नका. त्याने कातडी फाटणे व खरचटणे कमी होते. डोक्याला हिसका बसून आत मेंदू हलतो, ते त्याने थांबत नाही. उलट जाड हेडगार्डमुळे बाजूचे कमी दिसते आणि डोके मोठे झाल्याने चुकवलेला ठोसाही लागतो. त्यापेक्षा स्पारिंगसाठी दोघांनीही 16 औंसांचे ग्लोव्ह्ज वापरावेत आणि दातांच्या मापाचे गमशील्ड घ्यावे. स्पारिंगनंतर डोके दुखले, मळमळले, गरगरले किंवा मधले काही आठवेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत रिंगमध्ये पाय ठेवू नका, मग कोच काहीही म्हणोत.