ओठ शिवला, पण टाळू अजून उघडी आहे

शहाद्याच्या ताई, तुमच्या अकरा महिन्यांच्या मुलीचा दुभंगलेला ओठ शिवून झाला असून दुभंगलेल्या टाळूचे, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताचे, 'शाळेत घालण्याआधी बघू' असे घरची मंडळी म्हणतात, हे वाचले आणि माझ्या मुलाची ती वर्षे डोळ्यांसमोर आली. मी डॉक्टर नाही, चोपडा तालुक्यातला एक पालक आहे. तरीही स्पष्ट सांगतो, इतके थांबू नका.

ओठ दिसतो, म्हणून तो शिवला की नातेवाइकांना काम संपले असे वाटते. टाळू दिसत नाही, पण बोलणे तिच्यावर अवलंबून असते आणि म्हणूनच ती साधारणपणे ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात. ती उघडी असेल तर 'प', 'ब' उच्चारताना तोंडात हवा कोंडत नाही, नाकातून निसटते. माझा मुलगा मला 'बाबा' म्हणायचा आणि ऐकणाऱ्याला 'मामा' ऐकू यायचे.

आम्हाला सरकारी आरोग्य योजनेच्या एका कक्षात, शिधापत्रिकेवर बाळाचे नाव नाही म्हणून तोंडीच परत पाठवले. नाव चढवायला गेलो तर तिथे आधी आधार मागितले, आधार काढून आलो तर वेगळाच दाखला, आणि दर वेळी 'पुढच्या आठवड्यात या'. यात दीड वर्ष गेले. मी एकदाही नकार लेखी मागितला नाही, आणि उशिराने काय बिघडेल हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही विचारले नाही. ते मला आजही बोचते. शेवटी टाळू शिवली तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. छिद्र बुजले, पण जिभेला लागलेले चुकीचे वळण राहिले आणि ते सोडवण्यासाठी दोन वर्षे दर आठवड्याला एस.टी.ने जळगाव गाठावे लागले.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेत, हा दोष समाविष्ट आहे. तपासणी पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला विचारा. स्माईल ट्रेन ही संस्थाही तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत करून देते. कागद जमवत असतानाच मुलीचे वजन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण ते कमी असल्यास भूल देणे पुढे ढकलतात. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असे झाले, असे कोणी सुनावले तर ते मुळीच मनावर घेऊ नका.

आणि कान तपासायला विसरू नका. या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येते; आम्ही मात्र तो हाकेला ओ देत नाही म्हणून त्याला हट्टी समजत होतो.