कामावरून आल्यावर क्रीमी चीज सॉसमधलं चिकन झटपट कसं करावं? माझा सॉस दरवेळी फुटतो आणि चिकन कोरडं होतं.

तुम्ही लिहिलंय की चिकन, दूध, क्रीम आणि चीज सगळं एकाच पॅनमध्ये घालून झाकण ठेवता, आणि वीस मिनिटांनी उघडलं की वर तेल तरंगतं, खाली रवाळ गोळे. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला एकच वाटतं. चिकनला हवी असलेली आच आणि चीजला सोसणारी आच अगदी वेगळी असते, आणि तुम्ही दोघांना एकाच वेळी एकाच आचेवर बसवताय. दोघांना वेगळं करा. वेळ वाढत नाही. मी आठवड्यातून एकदा तरी हे करते, आणि किसणी हातात घेण्यापासून ताटं वाढेपर्यंत अर्धा तास पुरतो.

आधी चीजचं बघू, कारण तिथेच बिघडतं. चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी आणि त्या जाळीत अडकलेले स्निग्धाचे थेंब आणि पाणी. ५५ ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास ही जाळी सैल होते आणि चीज वितळतं. आपल्याला एवढंच हवं असतं. पण सॉस खदखदत राहिला की तीच प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी आणि तूप बाहेर टाकतात. तुम्हाला वर दिसतं ते तेल म्हणजे हेच. म्हणून चीज गॅस बंद केल्यावर घालायचं. बाकी कृतीत तुम्ही काहीही बदललंत तरी चालेल, हे मात्र बदलू नका.

तीनचार जणांसाठी ५०० ग्रॅम बोनलेस चिकन घ्या. छातीचे जाड तुकडे असतील तर ते आडवे चिरून दीड सेंटीमीटरपर्यंत पातळ करा. जाड तुकड्याचा मधला भाग शिजेपर्यंत कडा वाळून जातात, कोरडेपणा येतो तो त्यामुळे. मांडीचं मांस असेल तर ही काळजी कमी, त्यात चरबी आणि चिवट तंतू जास्त असल्यामुळे दोनचार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ते मऊच राहतं. दमून घरी आलेल्या माणसाने मांडीचंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी निघताना तुकड्यांना मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवता आलं तर फारच छान. मीठ आतपर्यंत मुरतं आणि शिजताना रस कमी सुटतो. चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. कागदाने टिपून कोरडं करा. ओलं चिकन पॅनमध्ये टाकलं तर आधी ते पाणी उडण्यातच आच खर्ची पडते आणि रंग येत नाही.

पॅन चांगला तापू द्या, चमचाभर तेल घाला, तुकडे मोकळे मोकळे मांडा आणि मग हात आवरा. सारखं हलवायचं नाही. एका बाजूला चारपाच मिनिटं, उलटून पुन्हा तेवढीच. खरपूस तांबूस झालं की ताटलीत काढून ठेवा. तापमापी असेल तर मधोमध ७४ अंश यायला हवं. नसेल तर सर्वात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी काही दिसता कामा नये. शंका असेल तर आत्ता घाबरू नका, ते पुढे सॉसमध्ये पूर्ण करता येतं.

पॅन धुऊ मात्र नका. तळाला जी तपकिरी खरवड बसलीय, सॉसची अर्धी चव तिथे आहे. त्याच पॅनमध्ये मध्यम आचेवर टेबलस्पूनभर लोणी, बारीक चिरलेल्या लसणाच्या तीनचार पाकळ्या, आणि लसणाचा वास सुटला की टेबलस्पूनभर मैदा. मिनिटभर परता, कच्चा वास गेला पाहिजे. मग एक कप दूध थोडं थोडं करत ओता, प्रत्येक वेळी ढवळत आणि तळ खरवडत. सगळं दूध एकदम ओतलं की गुठळ्या होतात. आता सॉसला एक उकळी येऊ द्या, कारण मैद्याचा दाटपणा उकळी आल्याशिवाय पूर्ण उतरत नाही. मग दोनतीन मिनिटं मंद आचेवर. अर्धा कप क्रीम घालायचं असेल तर इथे घाला, नसलं तरी काही अडत नाही. मैदा फक्त दाटपणासाठी नाही बरं का. त्यातला स्टार्च चीजच्या प्रथिनांच्या आणि स्निग्धाच्या मधे येतो आणि त्यांना गोळा होऊ देत नाही.

चिकन अर्धवट शिजलं असेल तर ते याच टप्प्यावर, चीजच्या आधी, सॉसमध्ये सोडा आणि झाकण ठेवून शिजवून घ्या.

मग गॅस बंद. बुडबुडे थांबेपर्यंत मिनिटभर थांबा. १०० ग्रॅम किसलेलं चीज तीन वेळा मूठमूठ घाला, आधीचं विरघळल्यावर पुढचं. शेवटी चिकन आणि ताटलीत साठलेला त्याचा रस, तो टाकून देऊ नका. मिरपूड, किंचित जायफळ. मीठ चाखूनच, चीज स्वतः खारट असतं.

कुठलं चीज? कोवळं चेडार उत्तम. खूप मुरवलेलं, कोरडं चीज एकट्याने घालू नका, ते गोळे धरतं, चवीपुरतं वरून घाला. मोझरेलाने सॉस होत नाही, तारा होतात. पाकिटातल्या तयार किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा तत्सम भुकटी लावलेली असते, ते नीट मिसळत नाही, म्हणून वडी घेऊन स्वतः किसा. प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी सायट्रेट मीठ घालून चीज वितळवलं आणि ते फुटलं नाही. हे मीठ प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतं. आजच्या प्रोसेस्ड चीजमध्येही अशीच मिठं असतात. म्हणून चेडारच्या जोडीला प्रोसेस्ड चीजची एक स्लाइस टाकली की सॉस कितीतरी जास्त माफ करतो.

एवढं करूनही फुटलाच तर लगेच आचेवरून उतरवा, दोन चमचे थंड दूध आणि तीच एक स्लाइस घालून जोरात फेटा. नुकतंच तेल सुटलं असेल तर बहुधा सावरतो. पार रवाळ झाला असेल तर पूर्वीसारखा गुळगुळीत होत नाही, पण चव गेलेली नसते, खाऊन टाका.

आम्ही हे पास्त्यावर किंवा भातावर घेतो. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट गोळा झालेलं दिसेल. चिकन बाजूला काढून थोड्या दुधात वाफेवर चांगलं कडकडीत गरम करा, आणि सॉस वेगळ्या भांड्यात दूध घालून अगदी मंद आचेवर, ढवळत.